बाबांनी मोजलेली दारं

फतेगंजमध्ये माझं नाश्त्याचं छोटं दुकान आहे. विद्यापीठ जवळ असल्याने मुलांची वर्दळ असते, धंदा बरा चालतो. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे नाइटक्लब मी सिनेमातच पाहिलेला. तरी ऑगस्ट 2025 मध्ये मी कळंगुटला एक बंद पडलेला क्लब भाड्याने घ्यायला निघालो! तिथे मला घरगुती जेवणाचं हॉटेल काढायचं होतं. डिपॉझिटसाठी बाबांची निवृत्तीची ठेव मोडावी लागणार होती, म्हणून तेही सोबत आले.

भर पावसात आम्ही थिवीला उतरलो. क्लबच्या भिंती काळ्या रंगाच्या, खिडकी एकही नाही, आत ओलीचा वास. मला मात्र तिथे टेबलं मांडलेली दिसत होती. दलाल म्हणाला, "साहेब, सगळं तयार आहे, फक्त शटर उघडायचं."

बाबांनी कागद मागितले. आपल्याकडे सात-बारा, तसा गोव्यात एक-चौदाचा उतारा असतो. त्यावर तीन भावंडांची नावं होती आणि भेटायला आला होता एकच. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो. दलाल अकरा महिन्यांचाच करू म्हणत होता. म्हणजे लाखोंचा खर्च करून वर्षाच्या आत बाहेर पडायची वेळ येऊ शकत होती. किनाऱ्याजवळ बांधकामाला सीआरझेडचे नियम लागतात. मागचा पत्र्याचा भाग त्यात बसतो का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर कारखान्यात सुरक्षा विभागात काम केलं. ते हातात टॉर्च घेऊन आत फिरले आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "बाहेर पडायला दार एकच आहे. स्वयंपाकघर त्याच्या पलीकडे. नको."

"दुसरं दार पाडून घेऊ की!"

"भिंतीपलीकडे शेजाऱ्याची जागा आहे. कुठे पाडशील?"

मी परतीच्या गाडीत त्यांच्याशी बोललो नाही. घरी आल्यावरही बरेच दिवस कामापुरतंच बोलणं. माझ्या स्वप्नाला ते घाबरले, असंच मला वाटत राहिलं.

6 डिसेंबरच्या रात्री हडफड्याच्या एका नाइटक्लबला आग लागली. 25 माणसं गेली. त्यांत बरेचसे तिथलेच कामगार होते. बातमी वाचताना मला माझ्याकडची दोन मुलं आठवली. कळंगुटला मी त्यांनाच नेणार होतो, आणि स्वयंपाकघरात तीच उभी राहणार होती.

दुकान उघडायच्या आधी बाबांच्या खोलीत गेलो. काय बोलावं सुचेना. त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "चहा घेतलास का?"

समुद्राकाठी हॉटेल काढायचं अजून मनात आहे. पुढची जागा पाहायला जाईन तेव्हा आधी दारं मोजीन, मग टेबलं. आणि बाबांना सोबत नेईन.