पाण्याखालचं जोतं

भीमाशंकरच्या रानात शेकरू एका घरट्यावर भागवत नाही. उंच फांद्यांवर काटक्यापानांची चार-सहा घरटी बांधून ठेवतं, आणि या घडीला ते कुठल्या घरट्यात निजलंय, हे खालून कळत नाही. हे मला आजाने दाखवलं. आजाही तसाच. हिरडा गोळा करायला मला बरोबर न्यायचा, पण काही विचारलं की नुसतं "हं". जुन्या आंबेगावाचं नाव निघालं की उठून अंगणात जायचा. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं, एवढं मला शाळेत कळलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, हेही तिथेच कळलं. आपलं घर नेमकं कुठे होतं, हे मात्र आजाने कधी सांगितलं नाही.

2011 मध्ये पुण्यात शिकताना खोलीतल्या मित्राच्या संगणकावर 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा खेळ हाती आला. त्यात स्टेन नावाचा एक योद्धा पिंजऱ्यात कोंडलेला भेटतो. त्याला सोडवलं, सोबत घेतलं, तरी तो एका शब्दात उत्तर देऊन गप्प बसतो. प्रत्येक सोबत्याच्या मनात आपली जागा किती, ते हा खेळ आकड्यात दाखवतो. भेटवस्तू दिली की आकडा वाढतो, पण देत राहिलं की दर भेटीचं मोल घटत जातं. मी स्टेनला चित्रं दिली. तो मोकळा झाला नाही. मग हळूहळू कळलं, की एका लढाईनंतर शुद्धीवर आला तेव्हा त्याची तलवार गेलेली होती, आणि त्या भयात त्याने ज्यांनी त्याला वाचवलं त्याच शेतकरी कुटुंबाला मारलं. त्याच्या लोकांत ती तलवार म्हणजे आत्मा. तिच्याविना घरी परतणं म्हणजे मरण. ती तलवार शोधत मी तळ्याकाठी, बर्फाच्या डोंगरात, मग एका खेड्यात फिरलो. ती हातात पडल्यावर स्टेन पहिल्यांदा सरळ बोलला. त्या रात्री मला झोप आली नाही.

पुढच्या सुट्टीत मी आजासाठी शाल नेली, चांगल्या वहाणा नेल्या. त्याने त्या फडताळात ठेवल्या. मी पुन्हा गावाचं विचारलं. तो उठून अंगणात गेला. चूक माझी होती: स्टेनची तलवार मी आठवणीत ठेवली होती, आणि आजाच्या पुढ्यात मात्र भेटवस्तूच ठेवत होतो.

बारा वर्षांनी 'बाल्डर्स गेट 3' या खेळात शॅडोहार्ट भेटली. काळोखाच्या देवीची ती भक्त, आणि ते ती लपवते. तिच्या स्वतःच्याच आठवणी पुसलेल्या आहेत. तिला खोदून विचारलं तर ती आखडते. "तुला सांगायचं नसेल तर नको सांगूस," असं म्हटलं की तिच्या मनातली आपली जागा वाढते. हे वाचताना मला अंगण आठवलं. आजा टाळत होता असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कदाचित त्याला स्वतःलाच ते चित्र जुळवता येत नसेल.

गेल्या उन्हाळ्यात मी गेलो तो काही न विचारता. आठ दिवस त्याच्याबरोबर हिरडा वेचला, वाळत घातला, पोती शिवली. नवव्या दिवशी तो म्हणाला, "पाणी लई खाली गेलंय. चल."

जलाशयाची कड तडकलेल्या गाळाने भरली होती. जुन्या गावाचे दगड उघडे पडले होते. आजा काठी टेकत नेमका चालत गेला, कुठेही न थबकता, आणि एका जोत्यापाशी उकिडवा बसला. गाळ बोटांनी खरवडला. खालून काळा दगड निघाला.

"हितं तुझ्या पणजीची चूल व्हती," तो म्हणाला. थोड्या वेळाने, मी काही बोललो नाही म्हणून असेल, दुसऱ्या कोपऱ्याकडे हात केला. "आन् तिकडं गोठा. दोन बैल. एकाचं नाव..."

मी त्याच्या शेजारी गाळात बसलो. तो नाव आठवत होता.