गांधारीची पट्टी आपल्या कामाची नाही

नवऱ्याचे डोळे गेले की आपल्याकडे बायकोचे कौतुक सुरू होते, 'सावित्री आहे हो अगदी!' आणि बायकोचे गेले तर तेच लोक नवऱ्याला हळूच विचारतात, 'मग आता दुसरीचं काही बघितलंस का?' समाजशास्त्रात एम.ए. करताना पितृसत्तेवर पानेच्या पाने लिहिली, पण ती एवढ्या थोडक्यात कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती.

मी काम करते त्या वस्तीतले एक जोडपे. दादा नगरपालिकेत कायम सफाई कामगार, वहिनी घरी शिलाई मशीन चालवतात. दादांना काचबिंदू झाला. हा आजार बहुतेकदा दुखत नाही. आधी कडेचे दिसेनासे होते, समोरचे बराच काळ दिसत राहते. दादा चौकटीला, हातगाडीला धडकू लागले तेव्हा लोक म्हणाले, 'लावली असेल.' सफाई कामगार धडपडला की सगळ्यांना दारूच आठवते. कळले तोवर डोळ्यामागची नस वाळली होती. मोतीबिंदूसारखी ही नजर ऑपरेशनने परत येत नाही.

मग मागच्या जन्मीचे पाप सांगणारे आले, तेही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतले! पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये खोडून काढला आहे. पण ग्रंथाला हार घालणे वेगळे आणि तो उघडणे वेगळे.

सुरुवातीला वहिनीच दादांची बटणे लावायच्या, भाकरी कुस्करून द्यायच्या. त्यात प्रेमच होते. एके दिवशी दादा ताटावरून उठले. 'डोळे गेलेत माझे, हात नाही गेले.' दोन दिवस अबोला. त्यानंतर त्या घराची रीतच बदलली. दार एकतर सताड उघडे, नाहीतर पूर्ण बंद, कारण अर्धवट उघडे दार कपाळ फोडते. भाजी ताटात बारा वाजता, चटणी तीन वाजता. रस्त्यात वहिनी त्यांना ओढत नाहीत, दादाच वहिनींचा कोपर धरून अर्धे पाऊल मागे चालतात. मोबाइल इतका भरभर बोलतो की मला कळत नाही, दादांना कळतो. शिवाय ते आता कणीक मळतात, लग्नाला 22 वर्षे झाल्यावर! शेजारी त्याला हसतात. रात्री वहिनी पेपर वाचतात आणि मध्येच आपले मत घालतात. दादा म्हणतात, 'बातमी वाच गं, भाषण नको.' 'अहो, भाषण फुकट आहे, ऐका.'

गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधली म्हणून ती पतिव्रता ठरली. घरात न बघणारा एक होता तिथे दोन झाले, आणि मुलांकडे बघायला कोणी उरले नाही. वहिनींचे डोळे उघडे होते म्हणून कार्यालयातून आलेला छापील कागद वाचला गेला. निरोप होता, 'फक्त सही करा.' कागद होता स्वेच्छानिवृत्तीचा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 20 सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे. तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. 'दिव्यांग' हा गोड शब्द मला 'हरिजन'सारखाच वाटतो. वरून दिलेला. नाव देणाऱ्यांनी आधी कलम द्यावे! आणि दादांच्याच बाजूला झाडू मारणाऱ्या कंत्राटी कामगाराचे डोळे गेले तर? त्याचे नाव मुकादमाच्या हजेरीतून दुसऱ्या दिवशी गायब होते. त्याच्यासाठी वेगळे भांडावे लागेल.

आम्ही पत्र दिले. साहेब म्हणाले, 'आमची सहानुभूती आहे.' वहिनी म्हणाल्या, 'मग तेवढं लेखी द्या.' शिक्का मारलेली पोच आता मशीनच्या खणात आहे. सोमवारी आम्ही तिघे परत जाणार आहोत. त्याच दिवशी दादांच्या मुलीचे डोळेही तपासून घ्यायचे आहेत, कारण काचबिंदूचा धोका रक्ताच्या नात्यात जास्त असतो. मुलगी म्हणते, 'मला चांगलं दिसतं.' दादा म्हणतात, 'मलाही दिसत होतं.'