सर्व्हरवर आहेच की!

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा, असं मी ठरवलं होतं. का, ते शेवटी कळेलच.

माझे आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. नोकरीच्या काळातली त्यांची एक डायरी होती. त्यांचं तिरकं, जोडून लिहिलेलं अक्षर मला वाचताच यायचं नाही. मग ते वाचून दाखवायचे आणि मी फोनवर रेकॉर्ड करायचे. अशा ३१ फाइल्स झाल्या. त्या घरच्या पीसीवर टाकल्या. त्यानंतर काही महिन्यांनी आजोबा गेले.

सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी बॅकअप सर्व्हर उभा केला. रास्पबेरी पाय ४, म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली १ टीबीची हार्ड डिस्क. बाबा म्हणाले, "हा डबा रात्रंदिवस चालू ठेवायचा? लाइट बिल कोण भरणार?" मी कागदावर हिशोब मांडला. ५ वॅट धरले तर महिन्याला फक्त ३.६ युनिट! बाबा गप्प.

पण डिस्क मधेच गायब व्हायची. दोन दिवस मी केबल बदलत बसले. मग लॉगमध्ये 'अंडर-व्होल्टेज' दिसलं. पायचे चारही यूएसबी पोर्ट मिळून जेमतेम १.२ अँपिअर देतात आणि फिरती डिस्क सुरू होतानाच बराच करंट ओढते. वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब लावला आणि सगळं सुरळीत झालं. रोज रात्री १० वाजता क्रॉन आरसिंक चालवायचा. आरसिंक १९९६ सालचा, आपल्या सगळ्यांपेक्षा वयानं मोठा! बदललेलं तेवढंच पाठवतो. मी जाम खूश. हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पीसीची डिस्क भरली. मी आजोबांचा फोल्डर उडवला. म्हटलं, सर्व्हरवर आहेच की! पण आरसिंकला मी स्वतःच 'डिलीट'चा पर्याय दिला होता. म्हणजे पीसीवर जे नाही, ते सर्व्हरवरूनही काढून टाक. रात्री १० वाजता त्यानं इमानदारीनं माझा हुकूम पाळला.

पंधरा दिवसांनी आजोबांचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर काका म्हणाले, "अगं, अण्णांचा आवाज लाव ना जरा." सगळे येऊन बसले. मी फोल्डर शोधला... नव्हताच. मधल्या काळात डिस्कवर नवा डेटा लिहिला गेला होता, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरनंही हात टेकले. त्या रात्री मी जेवले नाही. कोणी रागावलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आत्याचा फोन आला. "तू मला मागे नऊ पाठवली होतीस ना? मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही गं. म्हणून दुकानातून पेनड्राइव्हवर घालून घेतली आणि देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली." तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा बॅकअपचा नियम मी वाचला होता. घराबाहेरची प्रत मात्र आत्यानं ठेवली होती!

आता सर्व्हर रोजचा वेगळा फोल्डर ठेवतो. न बदललेल्या फाइल्सना हार्ड लिंक, त्यामुळे जागाही फारशी लागत नाही. दुसरी डिस्क आत्याकडे आहे. दर महिन्याला एक फाइल परत आणून उघडून बघते. कारण परत आणून बघितल्याशिवाय तो बॅकअप आहे, असं म्हणताच येत नाही. तुमचे प्रोजेक्ट रिपोर्ट आहेत ना? आज रात्रीच एक फाइल परत आणून बघा!

उरलेल्या २२ फाइल्स गेल्या त्या गेल्याच. पण डायरी आहे. मी ती भिंग घेऊन वाचायला शिकतेय. चार पानं झाली. शब्द मिळतील, आजोबांचा आवाज नाही मिळणार. निदान त्यांची भाषा तरी माझ्याकडे राहावी, म्हणून हा लेख मराठीत.