जीटीओ विकताना

माझी १९६६ सालची पॉन्टिॲक जीटीओ मी विकली. कन्व्हर्टिबल, चार गिअरची, ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन. गुडघ्याला तिचा जड क्लच सोसेना, आणि नुसती झाकून ठेवायला ती गाडी घेतलेलीच नव्हती.

वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे लोखंडाचा कीस आणि ग्रीसचा वास लहानपणापासूनचा. नोकरीनं मिशिगनला आणलं. इथला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू डेट्रॉइटहून थेट पॉन्टिॲक गावापर्यंत जातो. साठच्या दशकात पोरं रात्री त्यावर शर्यती लावायची. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथं जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. जीटीओचा आवाज मी पहिल्यांदा तिथंच ऐकला.

१९६४ च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक विभागातला इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं. एवढं मोठं इंजिन त्या आकाराच्या गाडीत घालायला जनरल मोटर्सच्या नियमात परवानगी नव्हती, म्हणून जीटीओ हे जादा पैसे मोजून घ्यायचं पॅकेज म्हणून विकलं. धाडस फळलं. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या वर्षी ९६,९४६ गाड्या खपल्या. त्यातल्या कन्व्हर्टिबल १२,७९८.

माझी हाती आली तेव्हा तळाचा पत्रा बोट लावलं की पापडासारखा तुटत होता. हिवाळ्यात इथं रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा हा प्रताप. वडील त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. २००९ साल, एप्रिलमध्येच पॉन्टिॲक कायमची बंद करणार असं जनरल मोटर्सनं जाहीर केलं होतं. मी कटर उचलला तसे ते म्हणाले, "थांब. छप्पर न्हाई तिला. आधी टेकू दे, मग काप." कन्व्हर्टिबलची खरी गोम हीच. वरून धरायला काही नसतं; तळ कापला की बॉडी झुकते आणि मग दरवाजे जन्मात नीट लागत नाहीत. दोन्ही दरवाजांच्या चौकटीत आम्ही लोखंडी अँगल वेल्ड केले, दर कापणीआधी फटी मापल्या. तिचे दरवाजे आजही एका बोटानं लागतात.

विकायला काढली तेव्हा पहिला प्रश्न चॅसी नंबरचा. १९६६ च्या अस्सल जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो. त्याआधीच्या गाड्यांवर टेम्पेस्टचाच नंबर असल्यानं नकली बनवणं सोपं. कारखान्याच्या जुन्या नोंदींची प्रत मागवता येते, ती मी मागवली होती. इंजिन मूळचंच निघालं. कार्ब्युरेटर मात्र नोंदीत एकच, आणि गाडीवर तीन. आधीच्या कुणा मालकानं बसवलेले. एक दलाल म्हणाला, कागद दाखवू नका, तीन कार्ब्युरेटरवाली म्हणून भाव चढेल. त्याला मी परत फोन केला नाही.

घेणारा ओहायोचा, स्वतः पाना हातात धरणारा. कमी पैसे दिले, पण गाडी चालवत घेऊन गेला.

जुनी गाडी विकणार असाल तर बदललेल्या प्रत्येक भागाची यादी स्वतःच्या हातानं लिहा आणि कागदपत्रांसोबत द्या. माझ्या यादीत कार्ब्युरेटर पहिल्या ओळीत आहेत, आणि तळाच्या पत्र्यापुढं कारागीर म्हणून वडिलांचं नाव आहे.