लेकीने दिलेली फ्रेम

पहिल्या पगारातून लेकीने आईला साडी आणली. माझ्यासाठी मात्र भल्यामोठ्या खोक्यातून निघाली रोड बाइकची फ्रेम! माझ्या जुन्या सायकलच्या फ्रेमला तडा गेलेला, हे तिला ठाऊक होतं. चाकं, ब्रेक, गिअर सगळं धडधाकट आहे, फ्रेम मिळाली की झालं, असं मीच म्हणालो होतो. तिने विकणाऱ्याला विचारलंही होतं, "रिम ब्रेक चालतील ना?" तो म्हणाला, "चालतील." ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

फ्रेम वापरलेली होती, स्पेशलाइज्डची टार्मॅक एसएल 6. सगळे झोपल्यावर जुना ब्रेक लावायला बसलो आणि हात थांबला. माझ्या ब्रेकला मधोमध एकच बोल्ट. या फ्रेमच्या पुढच्या चिमट्याला मात्र दोन बाजूंना दोन भोकं. याला डायरेक्ट माउंट म्हणतात. दोन्ही रिम ब्रेकच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

गंमत पाहा. आधीच्या एसएल 5 ची रिम ब्रेकची फ्रेम असती, तर माझे ब्रेक सहज बसले असते. 2017 च्या एसएल 6 ला दोन बोल्टचे ब्रेक लागतात. आणि 2020 ची एसएल 7 फक्त डिस्क ब्रेकची. तिथे माझी चाकंही गेली असती, कारण माझ्या मागच्या हबची रुंदी 130 मिलिमीटर आणि तिथे लागतो 142 चा. नावात एका आकड्याचा फरक, खिशाला केवढा!

तीन दिवस मी गप्प. "बसवली का हो बाबा?" "वेळच नाही मिळाला गं." ओळखीतला एकजण म्हणाला, "मध्ये भोक पाडून देतो की." खरं सांगतो, मोह झाला. पण आम्ही बंगळुरूला राहतो आणि रविवारी मी नंदी हिल्सवर जातो. उतारावरच्या वळणांना जीव ब्रेकवर असतो. कार्बनच्या चिमट्याला घरगुती भोक पाडून तिथून उतरायचं? शेवटी लेकीला सांगितलं. ती फ्रेमवरून नाही, माझ्या गप्प बसण्यावरून चिडली.

मग दोघांनी मिळून डायरेक्ट माउंटचे ब्रेक घेतले. पैसे अर्धे अर्धे, यावर ती अडून बसली.

तुम्ही वापरलेली फ्रेम घेणार असाल, तर "रिम ब्रेक आहे का" एवढंच विचारू नका. चिमट्याचा आणि मागच्या ब्रेकच्या जागेचा जवळून फोटो मागवा आणि भोकं मोजा. एकच भोक असेल, तर त्याच्या मध्यापासून रिमवर ब्रेकचं रबर टेकतं तिथपर्यंतचं अंतर विचारा. रोड बाइकचे नेहमीचे ब्रेक साधारण 39 ते 49 मिलिमीटरपर्यंत पोचतात, लांब हातांचे 47 ते 57. जाड टायर बसणाऱ्या फ्रेमला बहुधा लांब हातांचेच लागतात.

माझे जुने ब्रेक आता रिकामे पडलेत. परवा लेक म्हणाली, "माझ्या सायकलला बसतील का?" मी फूटपट्टी घेऊन बसलो. भोक एकच होतं. अंतर भरलं 53.