सॅन बर्नार्डिनो : फास्ट फूडचं माहेर

लॉस एंजेलिसला आलेले पाहुणे हॉलिवूड आणि डिस्नेलँड पाहून परततात. तिथून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवरच्या सॅन बर्नार्डिनोला मुद्दाम कोणी जात नाही. ऑफिसच्या कामासाठी कॅलिफोर्नियात असताना एका शनिवारी मी गेलो, कारण अमेरिकेची खाण्याची रीत बदलली ती याच गावात.

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी इथे १९४० मध्ये रेस्टॉरंट काढलं. गिऱ्हाईक गाडीतच बसून राही, मुली ट्रे आणून देत. धंदा जोरात होता, तरी १९४८ मध्ये भावांनी तीन महिने दुकान बंद ठेवलं. खप मुख्यतः हॅम्बर्गरचाच, हे त्यांनी हिशेबातून हेरलं होतं. मग पंचवीसेक पदार्थांचे नऊ केले. ट्रे आणणाऱ्या मुली गेल्या, बश्या आणि काटे-चमचेही गेले. टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघर आखून कामगारांकडून लुटुपुटीचे बर्गर करवून घेतले. कोण कुणाला धडकतो ते पाहून रेघा पुसल्या, पुन्हा आखल्या. हॅम्बर्गर १५ सेंटला मिळू लागला. पुढे मिल्कशेकची यंत्रं विकणाऱ्या रे क्रॉकने ही पद्धत देशभर नेली आणि १९६१ मध्ये २७ लाख डॉलर देऊन भावांकडून सगळे हक्क घेतले.

मूळ इमारत आता नाही. त्या जागी एक खासगी संग्रहालय आहे. जुने कप, खेळणी, गणवेश असं बरंच काही तिथे मांडलंय.

तिथून मी मेक्सिकन वस्तीतल्या मित्ला कॅफेत गेलो. हे हॉटेल १९३७ पासूनचं. समोर ग्लेन बेल नावाच्या माणसाचं हॅम्बर्गरचं दुकान होतं. तो इथे टाको खायला यायचा. ते कसे करतात हे शिकून त्याने स्वतः टाको विकायला सुरुवात केली आणि १९६२ मध्ये डाउनी गावात पहिलं टाको बेल उघडलं. तिथल्या बीन बरिटोवर आपल्या कितीतरी शाकाहारी मुलांनी अमेरिकेत दिवस काढलेत. मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या फ्राइजमध्ये मात्र गोमांसाच्या स्वादाचा घटक असतो. त्यावरून हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी केलेल्या दाव्यांत कंपनीने २००२ मध्ये १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

वेग आपल्याला नवा नाही. इंदूरला छप्पन दुकानावर पोहेही दोन मिनिटांत हातात पडतात. पण पोहेवाला बदलला की चव बदलते. मॅकडोनाल्ड भावांनी नेमकं तेच टाळलं. बनवणारा कोणीही असो, पदार्थ तोच. अनोळखी गावात रात्री दहाला पोचलेल्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो, हे मी अनुभवलंय. माझ्या कामातही हेच शिकवतात, की एक माणूस गेला म्हणून काम अडता कामा नये. खडूने आखलेल्या त्या स्वयंपाकघरात माझीही जागा आहे, हे संग्रहालयात फिरताना जाणवलं आणि थोडं अस्वस्थही वाटलं.

मित्ला आजही त्याच कुटुंबाकडे आहे. त्यांची हजारो दुकानं झाली नाहीत. पण शेजारच्या टेबलावर आजी, मुलगी, नातवंडं तासभर गप्पा मारत जेवत होती आणि वाढणाऱ्या बाईंना त्यांची नावं ठाऊक होती.

जायचं असेल तर लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून मेट्रोलिंकची गाडी आहे. संग्रहालय अर्ध्या तासात होतं. मित्लासाठी मात्र भूक आणि वेळ दोन्ही राखून ठेवा.