लुटुपुटूची लढाई

सातारा, २० जून

चि. मुक्ता हिस,


१२ जूनला स्वातंत्र्यदिनाची सुट्टी मिळाली, पण नेटवर तर फिलिपिन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झालं असं आहे. मामा, खरं काय, असं तू विचारलंस. फोनवर तुझं लेक्चर आडवं येतं, म्हणून पत्र.

दोन्ही खरं. १८९८ च्या १२ जूनला फिलिपिनो बंडखोरांचा पुढारी आगिनाल्दो याने कावितमधल्या आपल्या घरी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हा अमेरिका-स्पेन युद्ध चालू होतं. ठिणगी पडली होती पार क्युबात. हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली, अडीचशेवर माणसं गेली आणि अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी स्पेनच्या नावाने रान उठवलं. युद्ध पेटलं, आणि १ मेच्या सकाळी अमेरिकी सेनानी ड्यूईच्या आरमाराने तुझ्या मनिलाच्या उपसागरात स्पेनची जुनाट जहाजं निकालात काढली, तीही मध्ये न्याहारी उरकून! पण शहर घ्यायला त्याच्याकडे फौज नव्हती. वेढा घातला तो फिलिपिनोंनी. पाणीही त्यांनीच तोडलं.

तू रविवारी फिरतेस त्या इन्त्रामुरोसच्या, म्हणजे जुन्या मनिलाच्या, तटाआड स्पॅनिश अडकले होते. हरणार हे त्यांना कळून चुकलं होतं. प्रश्न अब्रूचा होता. न लढता शरण गेलं तर मायदेशी तोंड दाखवायची चोरी, आणि ज्यांच्यावर तीनशे वर्षं राज्य केलं त्यांच्या हाती सापडणं तर नकोच. मग बेल्जियमच्या कॉन्सुलला मध्यस्थ घालून गुपचूप ठरलं. १३ ऑगस्टला अमेरिकी जहाजांनी मलातेच्या जुन्या किल्ल्यावर तोफा डागल्या, थोड्या वेळाने तटावर पांढरं निशाण चढलं, अमेरिकी फौज आत शिरली. फिलिपिनोंना मात्र आत येऊ द्यायचं नाही, हेही ठरलेलं. लढाई लुटुपुटूची, पण ते सगळ्या शिपायांना कुठे माहीत होतं? माणसं मेलीच. त्यातून वॉशिंग्टनमध्ये युद्धविरामावर काही तास आधीच सह्या झाल्या होत्या. समुद्रातली तार ड्यूईनेच तोडलेली, त्यामुळे बातमी पोचली तीन दिवसांनी.

लंडनमधले अमेरिकी राजदूत जॉन हे यांनी थिओडोर रूझवेल्टना खासगी पत्रात ‘झकास छोटंसं युद्ध’ म्हणून स्पेनशी झालेल्या या युद्धाचं कौतुक केलं होतं. तू डॉक्टर होणार म्हणून सांगतो: लढताना अमेरिकेचे चारशेहून कमी मेले, तापांनी आणि रोगराईने त्याच्या कित्येक पट. डिसेंबरात पॅरिसच्या तहात अमेरिकेने २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स घेतलं. त्या बैठकीत फिलिपिनोंना जागा नव्हती. १८९९ च्या फेब्रुवारीत त्यांची अमेरिकेशीच जुंपली, आणि ते युद्ध काही छोटं नव्हतं.

४ जुलै ही अमेरिकेने दिलेली तारीख, तीही तिच्या स्वतःच्या स्वातंत्र्यदिनाची. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन १२ जूनवर आणला. दुसऱ्याने दिलेल्या तारखेपेक्षा आपण जाहीर केलेली त्यांना जवळची वाटली.

पुढच्या रविवारी तटावर गेलीस की तोफांजवळ फोटो काढ, पण मग खाली उतरून बाहेरून एक चक्कर मार. खंदक बुजवून तिथे आता गोल्फचं मैदान केलंय. त्या बाजूला उभं राहून शहर कसं दिसतं, ते मला लिही.

मामीने मेतकूट पाठवलंय. तिथली हवा दमट, झाकण घट्ट लावत जा.

तुझा,
मामा